डाळिंबावरची जाळी

यंदाही वारा पडला. दिवाळीचे डबे घासून पालथे घातले, उंबऱ्याबाहेरच्या रांगोळीचे रंग पुसट झाले, आणि एका संध्याकाळी शाळेच्या मैदानावर उभी असताना लक्षात आलं की कडुलिंबाचं पानसुद्धा हलत नाहीये. बडोद्यात हे दिवस दरवर्षी असेच येतात. उत्तरायणाच्या पतंगांना लागणारा वारा तोवर कुठेतरी दडी मारून बसतो. आमच्या हेडबाईंना ही शांतता फार सोयीची, कारण त्यांनी यंदा मुलींसाठी बॅडमिंटन काढलं आणि ते माझ्या गळ्यात घातलं. "तुम्हाला येतं ना," म्हणाल्या. येतं. मला त्यातलं काय येतं हे त्यांना समजावत बसायचं त्राण माझ्यात नव्हतं.

तर मी जाळीच्या खांबापाशी खुर्ची टाकून बसते. गुडघे पावसाळ्यापासून कुरकुरताहेत, मांडीवर तपासायचे निबंध, आणि तोंडाने गुण मोजायचे. सुरुवातीला 'लव्ह ऑल' म्हणावं लागतं, म्हणजे दोन्हीकडे शून्य. मुलींना लव्हचा दुसरा अर्थ ठाऊक असतो. त्या तोंडाला पदर लावून हसतात. रोज हसतात. पूर्वी मी डोळे वटारले असते, आता तेवढंही होत नाही. मग ज्या बाजूने पहिलं पिसांचं फूल मारायचं तिच्या हाती सर्व्हिस, आणि गुण मिळाला तर तिलाच. समोरच्या बाजूने जीव तोडून खेळून फूल पाडलं तरी गुण नाही, नुसती सर्व्हिस हाती येते. आमचे वडील, अण्णा, दरबारच्या हिशेबी खात्यात कारकून होते. त्यांना पुढे हा नियम कळला तेव्हा म्हणाले, की हा खेळ अगदी सरकारी दिसतोय, सर्व्हिसमध्ये असेल त्यालाच मोजतात.

परवा एका चुणचुणीत मुलीने समोरचीला पुढे जाळीपाशी खेचलं आणि फूल हलकेच तिच्या डोक्यावरून मागच्या रिकाम्या कोपऱ्यात टाकलं. बाकीच्या टाळ्या वाजवायला लागल्या. समोरची पोर अर्ध्यापर्यंत धावली आणि धापा टाकत उभी राहिली, पडलेल्या फुलाकडे बघत. मी 'शाबास' म्हटलं. म्हणावंच लागतं, खेळ तोच आहे. पण ते म्हणताना मला एकदम परसातलं डाळिंब आठवलं, आणि मग निबंध काही पुढे सरकेनात.

आमचं घर पाणीगेटाच्या आतल्या बाजूला. घर बेताचंच, पण मागे परस ऐसपैस. विहीर, धुण्याचा दगड, आणि भिंतीशी एक डाळिंबाचं झाड. त्याच्यावर पोपटांचा डोळा. फळ जरा रंगावर आलं की एक भोक पाडायचं आणि पुढच्या फळाकडे वळायचं, ही त्यांची रीत. माझा मोठा भाऊ, आमचा दादा, त्यांना हाकलायला लहानपणी गोफण घेऊन बसायचा. महाराजांनी हुशार मुलांना विलायतेला पाठवायचा सपाटा लावला होता, त्यात दादाचा नंबर लागला. इमारती बांधायचं शिकायला तो गेला आणि त्याची बायको, मथूवहिनी, आमच्याकडे राहिली. ती साताऱ्याकडची. बडोद्याच्या मराठीत आम्ही गुजराती शब्द सर्रास घालतो, त्याचं तिला सुरुवातीला फार हसू यायचं. दादा गेला तेव्हा तिला जेमतेम पदर सावरता येत होता. मी तिच्याहून चार-पाच वर्षांनी लहान. तीन वर्षं आम्ही दोघी एका अंथरुणावर झोपलो, एकमेकींची वेणी घातली, आणि मला ती सख्ख्या बहिणीहून जवळची झाली. तसं मी तिला कधी सांगितलं नाही.

त्या तीन वर्षांत घरी येणाऱ्याजाणाऱ्या बायका एकच विषय काढायच्या. विलायतेहून आलेल्या माणसाला घरची बायको अळणी लागते. अमक्याने आल्याआल्या बायकोला माहेरी पोचवली ती पोचवलीच. तमक्याने परगावी बिऱ्हाड केलं, बायको इथे सासूजवळ. हे सगळं बोलणं वहिनी तांदूळ निवडता निवडता ऐकायची, आणि त्या दिवशीच्या भातात हमखास खडे निघायचे. आई ताटातला खडा मुकाट्याने बाजूला काढून ठेवायची.

दसऱ्याच्या सुमाराला दादाचा एक मित्र त्याच्याआधी विलायतेहून परतला आणि एक लांबट पेटी घेऊन आमच्याकडे आला. तांगा दारात उभाच होता. दादाचा निरोप होता, की हा खेळ वहिनींना शिकवून ठेवा. इथे अधिकाऱ्यांच्या क्लबात आता बायकाही खेळू लागल्या आहेत, जोडीने जावं लागेल. मित्राने पेटी उघडून दोन रॅकेटी काढल्या, बुचाच्या बोंडात खोवलेल्या पांढऱ्या पिसांचं एक फूल काढलं, आणि ओसरीवर उभ्याउभ्या ते दोन-चारदा वर टोलवून दाखवलं. "हे फूल. हे खाली पडू द्यायचं नाही, झालं," म्हणाला. मग तळाची घडी केलेली जाळी दाखवून म्हणाला, ही बांधायची. कुठे, ते विचारेपर्यंत तांगा कोपऱ्यावर गेला होता.

अण्णांनी जाळी उलगडून पाहिली. बारीक विणीची, काळी, चांगली लांबरुंद. मग ती आईपुढे धरून म्हणाले, पोरगं इतक्या लांब गेलं, एवढं शिकलं, आणि त्याला परसातल्या डाळिंबाची आठवण आहे. संध्याकाळी त्यांनी स्वतः शिडी लावली आणि जाळी डाळिंबावर घट्ट बांधून टाकली. पोपट येऊन बसले, त्यांनी इकडून तिकडून चोची मारून पाहिल्या, आणि उडून गेले. अण्णा इतके खूश झाले की आईला हाक मारून ते दृश्य दाखवलं.

रॅकेटीच्या तारा कशाच्या, हा प्रश्न आईने काढला. शेजारच्या जशोदाबेनच्या घरी सारंगी वाजवणारं कुणी येत असे, त्याच्याकडून कळलं की ही तात आहे, बकऱ्याच्या आतड्याची. आईने कपाळावर हात मारला. पण मुलाने पाठवलेली वस्तू, फेकवेना. शेवटी रॅकेटी न्हाणीघराबाहेरच्या खुंटीवर गेल्या, आणि खेळून झालं की हातपाय धुतल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही असं ठरलं. थंडीतलं ते विहिरीचं पाणी पायावर घेताना वहिनी जी 'स्स' करायची, तो आवाज मला अजून ऐकू येतो.

आणि आम्ही खेळायला लागलो. जाळी डाळिंबावर, त्यामुळे मध्ये काहीच नाही. समोरासमोर उभ्या, अंतर झिम्म्याला असतं त्याहून थोडं जास्त. फूल खाली पडू द्यायचं नाही एवढाच नियम आम्हाला माहीत, आणि नाव फूल असल्यामुळे तो आम्हाला सांगायचीही गरज नव्हती. फूल पायदळी येऊ द्यायचं नाही, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. त्यामुळे समोरचीला ते अगदी हाताशी मिळालं पाहिजे, तिला पाऊलही उचलावं लागू नये, यातच सगळं कसब. मारताना वहिनी म्हणायची, "घे." मी परत पाठवताना म्हणायची, "घे." हळदीकुंकवाची वाटी पुढे करताना जसं म्हणतात तसं. संध्याकाळी विहिरीशी उजेड मऊ व्हायचा, वाऱ्याचं नाव नसायचं, आणि परसात तातेचा ठण् आणि आमचं घे, एवढंच चाललेलं असायचं. मी फुगडी, झिम्मा, पिंगा सगळं खेळले आहे. इतकं सुख मला कशात झालं नाही.

जशोदाबेन आपल्या अगाशीवरून पापड वाळवता वाळवता बघायची. तिला हा प्रकार मुळीच पटत नसे. एकदा तिने कठड्यावरून वाकून विचारलंच.

"पण आमां जीते कोण?"

वहिनी खेळता खेळता थांबली नाही. "फूल जीते, बेन," म्हणाली.

फुलांची काळजी तीच घेई. बडोद्याची थंडी कोरडी, पिसं तडकायची. वहिनीने पेटी माठाच्या तिवईखाली सरकवून ठेवली. तिथल्या गारव्याने पिसं नरम राहायची. गोणपाटाचा आणि ओल्या मातीचा वास त्या फुलांना लागला होता. आता शाळेत नळकांड्यातून फुलं येतात, त्यांना कसलाच वास नसतो. तरी मी झाकण काढून एकदा हुंगून बघते, सवयीने.

देवदिवाळीच्या सुमाराला दादा आला. पुढच्या ओसरीवर भेटायला येणाऱ्यांची रीघ, परसात डोकवायलाही त्याला फुरसत नाही. जेवताना त्याने वहिनीकडे न बघता आईला विचारलं, की तो खेळ काही जमला का. आई म्हणाली, जमला म्हणजे काय, दिवस कलला की तेच चालू असतं. दादाचा चेहरा खुलला. वहिनीने त्याच्या पानात न मागता आणखी तूप वाढलं. दोनच दिवसांनी तो तिला क्लबात घेऊन गेला. परक्या पुरुषांत सून एकटी नको म्हणून आईने मला बरोबर धाडलं, शाल सांभाळायला.

क्लबातलं मैदान गुळगुळीत, पांढऱ्या रेघा मारलेल्या, आणि मध्ये आमची जाळी. म्हणजे तशीच जाळी. वहिनीनेही पाहिली. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि रॅकेट घेऊन आत गेली. दादा आणि ती एका बाजूला, दुसऱ्या बाजूला एक बडे अंमलदार आणि त्यांची बायको. पहिलं फूल आलं, वहिनीने ते जाळीवरून अलगद त्या बाईंच्या हाताशी पोचवलं आणि म्हणाली, "घ्या." बाईंनी ते फाडकन खाली मारलं. लोकांना वाटलं, नवखी आहे, आदबीने खेळतेय. पुढचंही तसंच. त्याच्या पुढचंही. प्रत्येक फूल त्या बाईंच्या बरोबर हातात, आणि प्रत्येक वेळी हळूच, "घ्या." मग कडेच्या खुर्च्यांवरून हसू सुरू झालं. वाईट हसू नव्हतं ते, पण थांबेना. कुणीतरी म्हणालं, आता पानसुपारीही द्या. दादाच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला लांबून दिसत होत्या. मला ती शाल डोक्यावरून घेऊन तिथेच लपावंसं वाटलं.

आम्ही तांग्यातून परतलो. लहरीपुऱ्याच्या दुकानांत दिवे लागले होते. वहिनी ताठ बसली होती आणि तिची मूठ माझ्या मनगटावर इतकी आवळलेली, की घरी आल्यावर बांगडीचा वळ दिसला. बायकांनी सांगितलेली ती माहेरी पोचवलेली, इथेच ठेवून दिलेली, सगळ्या त्या तांग्यात आमच्याबरोबर बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा परसात आला. डाळिंब बघून तो आधी हसला, मग त्याने अण्णांकडे पाहिलं आणि हसणं आवरलं. शिडी लावून जाळी सोडवली आणि विहिरीपासून भिंतीपर्यंत बांधली. दादा वाईट माणूस नव्हता, आजही नाही. त्याने वहिनीला शब्दानेही दुखवलं नाही. तिला समोर उभं केलं आणि धडा शिकवावा तसं सांगितलं.

"समोरचा जिथे नसेल तिथे टाकायचं. हाच खेळ आहे."

ती शिकली. शिकणं भागच होतं. रोज पहाटे दादा तिला शिकवायचा आणि दुपारी ती माझ्यावर घोटून घ्यायची. मी इकडे धावायची, तिकडे धावायची, विहिरीच्या कठड्यावर आपटायची. जीव मेटाकुटीला यायचा. 'घे' म्हणायचं आपोआप बंद झालं. ज्याला मिळू नये त्याला घे कसं म्हणणार? तिची नजरही बदलली. पूर्वी ती माझ्या हाताकडे बघायची, आता माझ्या आजूबाजूला. तरी मला तिचा राग येत नव्हता. ती हरली तर काय होईल ते मला माहीत होतं, आणि मीच मनातल्या मनात म्हणत होते की होऊ दे, तिला येऊ दे. डाळिंबावर पुन्हा पोपट यायला लागले. अण्णा खिडकीतून त्यांना हातवारे करायचे, आणि जाळी परत मागायचा धीर त्यांना व्हायचा नाही.

मग वारा सुटू लागला. गल्लीत दोन खांबांमध्ये दोरे ताणून गुलाबी मांजा चढवणं सुरू झालं, जशोदाबेनची मुलं अगाशीवरून उतरेनात. सगळं बडोदं वारा मागत होतं, आणि आमच्या घरी वहिनी देवापुढे उभी राहून वारा पडावा म्हणत होती. उत्तरायणाच्या आधी ती पुन्हा क्लबात खेळली. समोर तेच दोघे. या वेळी त्या बाई धावत होत्या आणि वहिनी जागची फारशी हलत नव्हती. फूल वाऱ्यावर कलायचं, तर ती तेही हिशेबात धरायची. शेवटी बाई जाळीपाशी येऊन दम खात उभ्या राहिल्या आणि तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या, की आमच्याकडे येत जा. खुर्च्यांवर टाळ्या वाजल्या. मीसुद्धा शाल काखेत धरून वाजवल्या.

तांग्यात दादा भरभरून बोलत होता. पाणीगेट जवळ आलं तेव्हा म्हणाला, "अमरेलीला नेमणूक झालीय. संक्रांत झाली की निघू. तू बरोबर यायचंस."

वहिनीने डोळे मिटले. तिच्या अंगातून तीन वर्षांची भीती निघून जाताना मला शेजारी बसून कळली. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. आणि त्याच वेळी आतून सगळं रितं झालं. ती जिंकली म्हणजे ती जाणार, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात त्या क्षणापर्यंत आली नव्हती.

निघायच्या आदल्या दिवशी जाळी परत डाळिंबावर गेली. अण्णांनी मागितली नव्हती, दादानेच बांधून दिली. संध्याकाळी मी वहिनीला म्हटलं, चल, पहिल्यासारखं खेळू. आम्ही जुन्या जागांवर उभ्या राहिलो. मी फूल पाठवलं, "घे" म्हटलं. तिने मारलं ते माझ्या डावीकडे जाऊन पडलं. पुन्हा पाठवलं, ते मागे विहिरीशी. तिने पदर खोचला, ओठ चावला, पुन्हा प्रयत्न केला. फूल माझ्याकडे येईना. मी धावून कशीबशी घ्यायची आणि तेवढ्यात पुढचं दुसरीकडे. शेवटी ती धुण्याच्या दगडावर बसली आणि रॅकेट पायाशी ठेवली.

"यमे," म्हणाली, "मला आता तुझ्याकडे टाकताच येत नाही गं."

अगाशीवर जशोदाबेनची मुलं पतंग काटून 'काप्यो' म्हणून ओरडत होती. आम्ही दोघी पाय धुऊन आत गेलो.

पुढचं सगळं इतरांचं होतं तसंच झालं. ती अमरेलीला, मग नवसारीला, मग मेहसाण्याला. साहेबांच्या मंडळी म्हणून मान, मुलं, नोकरचाकर. माझं लग्न झालं आणि वर्षात आटोपलं, नवरा वारला. अण्णांनी मला ट्रेनिंग कॉलेजात घातलं आणि तेव्हापासून मी शिकवते आहे. वहिनी सणावारी बडोद्यात यायची, हौसेने साडी आणायची, चौकशी करायची. पण बोलताना मी एक म्हणावं आणि तिचं उत्तर भलत्याच बाजूला जाऊन पडावं, असं व्हायचं. मी काही दिवस धावून पाहिलं. मग थकले.

आता दादा पेन्शनीत निघून स्टेशनापलीकडच्या बंगल्यात राहतो. श्रावणात वहिनीच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात आणि वाचा, दोन्ही बंद. डॉक्टर म्हणतात, प्रयत्न करायला हवा, पण ती कशालाच हात लावत नाही, मान फिरवून खिडकीबाहेर बघते. दादा हात टेकून बसलाय. "यमू, तू बोलून बघ," म्हणतो आणि पुढच्या खोलीत जातो. म्हणून शाळा, मैदान, निबंध आवरून मी रोज संध्याकाळी तिकडे जाते. पायांचे तुकडे पडतात. बोलायला काही नसतं. महाराज आता थकले, विलायतेतच असतात, असलं काहीबाही मी सांगत राहते आणि ती ऐकते की नाही कळत नाही.

एकदा माझ्या पिशवीत मुलींनी टाकून दिलेलं एक फूल निघालं, पिसं झडलेलं. ते मी तिच्या डाव्या हातात दिलं. तिने बोटं सैल सोडली, फूल खाली पडलं. मी वाकून उचललं, पुन्हा दिलं. पुन्हा पडलं. मग हेच रोज. ती पाडायची, मी गुडघ्यावर हात ठेवून कण्हत वाकायची. मनात यायचं, पुरे झालं हे, आपलंच आता कुणीतरी करायची वेळ आलीय.

काल फार दमले होते. फूल तिच्या हातात ठेवलं आणि समोरच्या खुर्चीत बसले, म्हटलं आता पडलं तर पडू दे, मी काही उठत नाही. बाहेर पानही हलत नव्हतं. वहिनी बराच वेळ त्या फुलाकडे बघत राहिली. मग तिने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. आजूबाजूला नाही, माझ्या हातांकडे. उजवा हात मांडीवर पडलेला. सगळं शिकलेला तोच होता. डाव्याला कधी कुणी काही शिकवलं नव्हतं. तो हळूहळू वर आला आणि एक हिसका बसला.

"घे," ती म्हणाली. वाकड्या झालेल्या ओठांतून, पण स्पष्ट.

फूल थेट माझ्या ओच्यात आलं. मला उठावं लागलं नाही.